नोकरी, दहावीचे पेपर आणि रमजान एकत्र आलेत, वेळ कसा बसवायचा?

चिपळूण_ते_हडपसर
अस्सलामु अलैकुम. शाबान (रमजानच्या आधीचा महिना) लागलाय, 18 फेब्रुवारी 2026 ला चाँद दिसला तर 19 ला पहिला रोजा, म्हणजे अजून तीनेक आठवडे हातात आहेत म्हणून आत्ताच विचारतेय, ऐन वेळी विचारून काही होत नाही. यंदा आमच्याकडे सगळं एकदमच आलंय. मुलगा दहावीला आहे, बोर्डाचे पेपर 20 फेब्रुवारी ते 18 मार्च, म्हणजे पहिल्या रोज्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिला पेपर आणि शेवटचा पेपर ईदच्या तोंडावर. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, मार्च महिना आमच्याकडे कसा असतो ते अकाउंट्सवाल्यांना सांगायला नको. शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस, 10 मार्चच्या रात्रीपासून लागणार, नेमके तेच दिवस ऑडिटच्या फायलींचे. सासूबाईंना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, पण रोजा धरू नका असं म्हटलं की त्यांच्या डोळ्यात पाणी येतं. मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी, त्यातला अर्धा महिना सेकंड शिफ्ट.

मला कुणाचं छापील वेळापत्रक नकोय, तसली मोबाईलवर खूप फिरतात, पहाटे तीनला उठा, तहज्जुदची नमाज पढा, इतकं कुराण पढा, तितका जिक्र म्हणजे अल्लाहचं स्मरण करा, पण डबा कोण भरणार आणि बस कोण पकडणार ते त्यात कुठंच नसतं. माझं दुखणं वेगळं आहे. साडेपाचला ऑफिस सुटतं, बसने घरी पोचेपर्यंत साडेसहा, आणि मगरीब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, साधारण साडेसहा-पावणेसातच्या मधेच होते. सुट्टीच्या दिवशी घरी असले तरी असर म्हणजे दुपारनंतरची नमाज झाली की जी किचनमध्ये शिरते ती अजानपर्यंत कढईपाशीच, आणि दुआ कबूल होण्याची वेळ तर तीच. घरातले बाकीचे हात उचलून बसलेले असतात तेव्हा मी शेवटचा घाणा काढत असते. हे बदलायचंय. काय कमी करू, काय आधी करून ठेवू, आणि मुलाचं रोजे-पेपर कसं बसवू, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

भिवंडीची_खाला
वालेकुम अस्सलाम बेटा. शेवटचा घाणा काढत असते, हे वाचून आत कुठंतरी लागलं कारण आपल्यातल्या किती बायांचा रमजान असाच जातो. माझं स्पष्ट मत सांगते, राग मानू नकोस. इफ्तारी आणि रात्रीचं जेवण ही दोन वेगळी जेवणं करायचं आधी बंद कर. आपण काय करतो, खजूर, फळं, भजी, समोसे, चना, दहीवडे हे सगळं मांडतो, सगळे पोट भरून खातात, मग तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) झाल्यावर पुन्हा भात-सालन गरम करा, ते कुणी धड खात नाही आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये डबेच डबे. त्यापेक्षा खजूर, पाणी, एखादं फळ यावर रोजा खोलायचा, मगरीब पढून घ्यायची आणि लगेच दस्तरखान टाकून खरं जेवण जेवायचं. साडेसातला किचन बंद. इशाच्या म्हणजे रात्रीच्या नमाजेआधी तुला अर्धा-पाऊण तास मोकळा मिळतो, तो आधी कधी मिळत नव्हता.

तळण पूर्ण बंद कर असं मी म्हणत नाही, पोरं रुसतात. जुम्मा आणि इतवार, बस. लोक सांगतात की शाबानमध्ये दोनशे समोसे भरून फ्रीजरला टाका, मी ते मुद्दाम करत नाही, कारण समोसे फ्रीजरमध्ये असले की रोज तळायला लागतात. फ्रीजरमध्ये ठेवायचं ते रोजच्या जेवणाला लागणारं ठेव. आलं-लसणाचं वाटण, बरिस्ता म्हणजे आपला तळलेला कांदा, हिरवं वाटण, परतलेला खिमा छोट्या छोट्या पाकिटात, एका वेळेला एक पाकीट पुरेल असं. पाकीट चपटं करून ठेव, लवकर सुटतं, नाहीतर सकाळी तो गोळा घेऊन बसावं लागतं. कोकणातली आहेस तर ओल्या खोबऱ्याचं वाटणही असंच राहतं. खिम्याचं एक पाकीट, वाटणाचा एक चमचा, बटाटा किंवा मटार, वीस मिनिटांत सालन होतं, आणि त्याचंच थोडं सहेरीला म्हणजे पहाटेच्या जेवणाला बाजूला काढायचं.

सहेरीला वेगळा स्वयंपाक नकोच. रात्रीचंच सालन, ताजी चपाती किंवा भाकरी, दही, वर एक-दोन खजूर. ज्याला जेवण जात नाही त्याला फेणी-दूध. चपातीचं पीठ रात्री मळून ठेव. आणि सहेरीला तू एकटीने उठायचं नाही, दहावीचा पोरगा दूध तापवू शकतो, पाण्याच्या बाटल्या भरू शकतो, मिस्टर सेकंड शिफ्टहून आले की दस्तरखान त्यांनी आवरायचं. आपल्या नबीजींबद्दल हजरत आयेशा सांगतात की ते घरी असले की घरच्यांच्या कामात असायचे. मग आपल्या घरातल्या पुरुषांना ताट उचलायला काय जड आहे, हे गोडीतच पण रमजानच्या आधी बोलून घे, पहिल्या रोज्याला भुकेल्या पोटी बोललीस तर भांडण होईल.

ईदचे कपडेही शाबानमध्येच. टेलर अर्ध्या रमजाननंतर ऑर्डर घेत नाहीत आणि घेतलीच तर चाँद रातीला फेऱ्या मारायला लावतात. बाजार रात्री एक वाजेपर्यंत उघडा असतो म्हणून आपण जातो, आणि ज्या रात्रींसाठी वर्षभर वाट बघितली त्या बांगड्यांच्या दुकानात जातात. शीरखुर्म्याचा सुकामेवासुद्धा आत्ता घेऊन ठेव, नंतर भाव चढतात.

गणिताचे_सर_सोलापूर
ताई, मी मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो, आमच्या शाळेत बरीच मुलं रोजे धरून पेपर देतात, तेव्हा तुमच्या मुलाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. रोजा धरावा की नाही हा विषय तुमचा, त्याचा आणि तुमच्या मौलानासाहेबांचा, त्यात मी पडत नाही. धरणार असं धरून चालतो.

पेपर 11 ला सुरू होतो आणि 2 वाजून 10 मिनिटांनी संपतो. पुण्यात जोहर, म्हणजे दुपारची नमाज, एकच्या जरा आधी लागते म्हणजे ती पेपर चालू असतानाच, त्यामुळे पेपर सुटल्या सुटल्या जोहर पढायचीय हे त्याच्या डोक्यात पक्कं पाहिजे. तुम्ही चिपळूणच्या म्हणजे बहुतेक शाफई पंथाच्या असाल, शाफईंची असर चारच्या सुमारास लागते, हनफी पंथाच्यांची त्यानंतर जवळजवळ तासाभराने. तेव्हा पेपर सुटल्यावर गेटवर उभं राहून कुणाचं उत्तर काय आलं यात अर्धा तास घालवला तर जोहर धावपळीत जाते. तो अर्धा तास तसाही वाया जाणाराच असतो, झालेल्या पेपरची चर्चा करून पुढच्या पेपरचा मूड जातो हे मी सगळ्याच मुलांना सांगतो. आणि पहिलाच पेपर 20 फेब्रुवारीला म्हणजे शुक्रवारी आहे, जुम्म्याची नमाज पेपरच्या वेळेतच येणार, त्याचं काय करायचं ते इमामसाहेबांना आधीच विचारून ठेवा म्हणजे मुलाच्या मनात पेपर लिहिताना ते घोळत राहणार नाही.

आता झोप. सगळा खेळ झोपेचा आहे, भुकेचा नाही. मुलं रोज्याने थकत नाहीत, तरावीहनंतर मित्रांबरोबर बारापर्यंत चौकात थांबतात आणि मग साडेचारला उठतात, त्याने थकतात. तरावीह झाली की घरी, मोबाईल तुमच्याकडे, साडेदहाला झोप. सहेरीची वेळ पुण्यात सुरुवातीला पावणेसहाच्या आसपास संपते आणि महिन्याच्या शेवटी साडेपाचच्या जरा आधी, म्हणजे सुरुवातीला पाचला उठलं तरी चालतं, साडेसहा तास झोप होते. फजरनंतर म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर परत झोपू देऊ नका, निदान दोन तास तरी. फजर ते आठ हा त्याचा सोन्यासारखा वेळ आहे, पोटात सहेरी आहे, तहान नाही, घरात शांतता आहे. गणित आणि विज्ञानाची उदाहरणं तेव्हाच सोडवायची, हाताने लिहून, नुसती वाचून नाही. पाठांतराचं, इतिहास-भूगोलाचं दुपारी उठल्यावर. पेपरहून आला की जोहर, मग पाऊण तास झोप, अलार्म लावून, त्याच्यावर गेली की डोकं जड होतं. असर ते मगरीब त्याच्याकडून अभ्यासाची फार अपेक्षा ठेवू नका, त्या वेळात बॅग भरणं, हॉलतिकीट, पेन, कंपास बघणं आणि तुम्हाला किचनमध्ये मदत. मगरीबनंतर हलकं जेवण झालं तर इशापर्यंत तासभर चांगला अभ्यास होतो. खालांनी जे लिहिलंय तळणाबद्दल, ते अभ्यासाच्या दृष्टीनेही शंभर टक्के खरं, भजी खाऊन कुणाचंही बीजगणित होत नाही.

मोठ्या पेपरच्या आदल्या रात्री तरावीह घरीच पढू दे, तुम्ही दोघं मिळून पढा, त्याला मशिदीत न जाता आल्याचं वाटणार नाही. आणि चहा पीत असेल तर तो आत्तापासून कमी करायला घ्या, पहिल्या दोन-तीन रोज्यांना जे डोकं ठणकतं ते बऱ्याचदा चहा एकदम सुटल्यामुळे असतं आणि त्याचा तर दुसऱ्याच दिवशी पेपर आहे.

मिरजेची_डॉक्टर
सासूबाईंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्यांना या आठवड्यातच त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. खरं तर रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी जायला पाहिजे, पण अजूनही वेळ गेलेली नाही. जाताना गेल्या तीन महिन्यांचे रिपोर्ट, किडनीचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, नावं तोंडी सांगू नका, बऱ्याच गोळ्यांची नावं सारखी असतात.

कुठली गोळी चालू आहे त्यावर खूप अवलंबून असतं. मेटफॉर्मिनने शुगर एकदम खाली जाण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर दिवसभर उपाशी राहिल्यावर शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते, अशा वेळी डोस आणि वेळ बदलावी लागते, बऱ्याचदा सकाळचा मोठा डोस इफ्तारकडे सरकवतात. हे डॉक्टरांनीच करायचं, शेजारणीच्या गोळ्यांवरून नाही, आणि गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही.

घरी ग्लुकोमीटर असू द्या. बोटाला टोचून शुगर बघितली तर रोजा तुटत नाही, हे उलेमांनी स्पष्ट सांगितलेलं आहे, तरी कितीतरी पेशंट त्या भीतीने दिवसभर शुगर तपासतच नाहीत आणि संध्याकाळी चक्कर येऊन आमच्याकडे आणले जातात. सहेरीआधी, दुपारी, असरच्या सुमारास आणि इफ्तारनंतर दोन तासांनी, इतकं बघा. शुगर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथल्या तिथे सोडायचा, इफ्तारला वीसच मिनिटं उरली असली तरी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं, असं काही दिसलं तर मीटर शोधत बसू नका, आधी साखरेचं पाणी द्या. त्या घरात एकट्या असतात का दिवसभर? तुम्ही ऑफिसला, मुलगा पेपरला, मिस्टर शिफ्टला, तर दुपारी कुणीतरी येऊन बघून जाईल अशी सोय आधी करा, मला तरी तुमच्या वेळापत्रकातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते.

किडनीचा त्रास असेल किंवा शुगर वरचेवर खाली जात असेल तर डॉक्टर रोजा नको म्हणतील. तेव्हा त्यांना त्यांच्याच विश्वासातल्या मौलानांकडून सांगू द्या की आजारी माणसाला सूट कुराणातच दिलेली आहे आणि प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण म्हणजे फिदिया देता येतो. सुनेने सांगितलं की मन दुखावतं, मौलानांनी सांगितलं की पटतं, मी दवाखान्यात हे अनेकदा बघितलंय. आणि फिदियाचं धान्य त्यांच्या हाताने द्यायला लावा.

टीमलीड_कोथरूड
मी मुस्लिम नाही, पण माझ्या टीममध्ये दोघं रोजे धरतात आणि ताई अकाउंट्सला आहेत म्हणून ऑफिसच्या बाजूने सांगतो. मॅनेजरला आत्ताच जाऊन सांगा, लेखी मेल करा, तुमच्या मनात काय आहे ते त्याला आपोआप कळणार नाही. आमच्याकडे आम्ही असं केलं की ते दोघं सकाळी आठला येतात, दुपारच्या जेवणाची सुट्टी घेत नाहीत आणि साडेचारला निघतात. तास तेवढेच भरतात, कुणाचीच कुरकुर नाही. डोक्याचं काम, म्हणजे रिकन्सिलिएशन वगैरे, दुपारी बाराच्या आत उरकायचं आणि चारनंतर फोन-मेल-फाइलिंग. पाच वाजताचे कॉल मी स्वतःच बंद केले, रोज्याचा तो सगळ्यात जड वेळ असतो हे त्यातल्या एकानेच मला सांगितलं.

सुट्ट्यांचंही आत्ताच बघा. 19 मार्चला पाडवा आहे आणि ईद चाँदावर 20 किंवा 21 ला, म्हणजे पाडव्याची सुट्टी तुम्हाला तशीही मिळेल. रजा टाकायचीच असेल तर ईदला सगळेच टाकतात, तुम्ही 16 ला किंवा 17 ला टाकता येते का बघा. मार्चमध्ये ऐन वेळी कुणी रजा देत नाही, जानेवारीत मागितली तर नाही म्हणायला कारण राहत नाही. आणि तुम्ही पाडव्याच्या आसपास कुणाचं काम अंगावर घेतलंत तर तुमच्या ईदला तो नक्की उभा राहील.

रत्नागिरी_दुबई
टीमलीड दादांचं मनापासून आभार, असे लोक ऑफिसात असले की अर्धी काळजी मिटते. आमच्याकडे यूएईत रमजानमध्ये कायद्यानेच रोजचे दोन तास कमी होतात, सगळ्यांचेच, रोजा असो नसो. तेलंगणातही सरकारी मुस्लिम कर्मचाऱ्यांना तासभर आधी सोडतात. पण एक सांगतो, ते दोन तास मिळाले म्हणून इबादत आपोआप वाढते असं अजिबात नाही, इथं कितीतरी जण ते दोन तास मॉलमध्ये नाहीतर झोपेत घालवतात. वेळ मिळाला की तो कशाला द्यायचा हे आधी ठरलेलं नसेल तर मोबाईल तो खातो.

सरांच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. मुलासाठी फजरनंतर जागं राहणं ठीक आहे, पण ताईंनी तसं करू नये. त्यांना नऊ-साडेनऊला ऑफिस आहे, फजर झाली, थोडं कुराण झालं की तासभर पडलंच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या अशऱ्यात शरीर बसतं आणि शेवटच्या रात्री, ज्या सगळ्यात महत्त्वाच्या, त्या झोपेत जातात. लैलतुल कद्र, म्हणजे कुराण उतरलं ती रात्र, शेवटच्या दहातल्या विषम रात्रींत शोधायची, म्हणजे यंदा 10, 12, 14, 16 आणि 18 मार्चच्या रात्री. ताकद त्यांच्यासाठी राखून ठेवा. पहिल्या आठवड्यात जोशात सगळं करायचं आणि विसाव्या रोज्याला गळून जायचं हे दरवर्षी दिसतं, मशिदीतल्या सफा म्हणजे नमाजेच्या रांगाच सांगतात, पहिल्या रात्री बाहेर चटया टाकाव्या लागतात आणि पंधराव्याला आत जागा असते.

ज्यांच्याकडे दहा दिवसांत कुराण पूर्ण होणारी तरावीह असते त्यांनीही हे लक्षात ठेवा. दुकानदार, प्रवास करणारे, त्यांच्या सोयीला ती असते, चांगलंच आहे, पण दहा दिवसांनी कुराण ऐकून झालं म्हणजे तरावीह संपली असं नाही, ती चाँद रातीपर्यंत आहे.

कुराणाचं गणित सोपं आहे. पंधरा ओळींच्या मुसहफात (कुराणाच्या प्रतीत) एका पाऱ्याची, म्हणजे कुराणाच्या तिसाव्या भागाची, साधारण वीस पानं, पाच नमाजांना भागलं तर एका नमाजेमागे चार. चार पानं म्हणजे सवय असलेल्याला दहा मिनिटं. ऑफिसात जोहर आणि असरला ते जमणार नसेल तर फजरला आठ, इशानंतर आठ आणि बसमध्ये चार, मोबाईलवर. आणि वाचायची गती कमी असेल तर एक पारा कशाला, अर्धा पढा आणि त्याचा मराठी तर्जुमा वाचा. मला तर वाटतं मराठीत वाचून जे आत उतरतं ते नुसतं पान उलटून उतरत नाही, निदान एक-दोन रुकू म्हणजे छोटे भाग रोज तरी अर्थासकट झाले पाहिजेत. हे आत्तापासून, शाबानमध्येच, रोज दोन पानांनी सुरू करा, जीभ वळलेली असली की पहिल्या रोज्याला अडखळत नाही.

चिपळूण_ते_हडपसर
माशाअल्लाह, इतकं सविस्तर सगळ्यांनी लिहिलंत, अल्लाह तुम्हाला अज्र देवो. डॉक्टर ताई, सासूबाई दुपारी एकट्याच असतात, माझ्या ते मनात होतंच पण तुम्ही लिहिल्यावर कालच खालच्या मजल्यावरच्या भाभींशी बोलले, त्या एकला आणि चारला येऊन बघून जातील म्हणाल्या, आणि शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. हो सर, आम्ही शाफईच. जोहरचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, सेंटरजवळची मशीद मुलाला आधी दाखवून ठेवते. मॅनेजरला मेल टाकलाय, साडेआठला येऊन पाचला निघायचं मागितलंय आणि 17 ची रजा.

दोन गोष्टी राहिल्या. माझे गेल्या रमजानचे काही रोजे अजून बाकी आहेत, ते आत्ता धरू की अंगात ताकद राहावी म्हणून नंतर? आणि रमजानमध्ये महिन्याचे जे दिवस येतात त्यात नमाज-रोजा नसतो तेव्हा सगळी लय तुटते, परत धरायला चार-पाच दिवस जातात, त्याला काय करता?

भिवंडीची_खाला
बाकीचे रोजे आत्ताच धर बेटा, नंतर नको. हजरत आयेशांचं तर बुखारीत आहे की त्यांचे बाकी रोजे त्या शाबानमध्ये पूर्ण करायच्या. तुमच्या शाफई मसलकात काही उज्र म्हणजे खरी अडचण नसताना पुढचा रमजान लागेपर्यंत लांबवले तर कझाबरोबर, म्हणजे राहिलेले रोजे भरून काढण्याबरोबर, फिदियाही द्यावा लागतो, आमच्या हनफींत तो नाही, पण लांबवणं दोघांकडेही बरं नाही. तुमच्याकडे 15 शाबाननंतर नफ्ल म्हणजे ऐच्छिक रोजे धरत नाहीत, कझा मात्र चालतात, तेव्हा शबे बरात झाली म्हणून थांबू नकोस. फेब्रुवारीची थंडी आहे, दिवस लहान आहे, एक दिवस आड धर, ताकद जात नाही, उलट सवय होते.

आणि ते दिवस आले की स्वतःला रमजानबाहेर काढू नकोस. नमाज नाही पण दुआ आहे, जिक्र आहे, दरूद आहे, तिलावत ऐकणं आहे, सदका आहे. मी असं करते की नमाजेच्या वेळेला उठून त्याच जागी बसते, तस्बीह घेते, वेळ मोडत नाही, म्हणून परत सुरू करताना जड जात नाही. त्या दिवसांत जकातचा हिशोब पूर्ण कर, तू अकाउंटवाली आहेस, तुला काय अवघड. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची मर्यादा, अडीच टक्के, दागिने धरायचे की नाही यात तुमच्या-आमच्यात फरक आहे ते मौलानांना विचार. फितरा, म्हणजे ईदआधीचं दान, मात्र तुमच्याकडे धान्यानेच काढतात, माणशी साधारण अडीच-तीन किलो तांदूळ, तो ईदच्या सकाळपर्यंत ठेवू नकोस, ज्याच्या घरी जायचाय त्यालाही ईदचा स्वयंपाक करायचा असतो.

गणिताचे_सर_सोलापूर
खालांनंतर लिहायला काही उरत नाही, फक्त बसचं सांगतो. मॅनेजरने पाचला सोडलं तरी हडपसरला ट्रॅफिक कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा पर्समध्ये महिनाभर खजुराची डबी आणि पाण्याची छोटी बाटली कायम ठेवा, मगरीब झाली की बसमध्येच रोजा खोला, घरी पोचून सगळ्यांबरोबर खोलू म्हणून थांबू नका, इफ्तारला उशीर करायचा नसतो. वेळ पुण्याच्याच टाइमटेबलची बघा. आमच्याकडे सोलापुरात सूर्य पुण्याच्या आठेक मिनिटं आधी मावळतो, नागपूरला तर वीसेक मिनिटं आधी, आणि व्हॉट्सॲपवर कुठल्याही शहराचं टाइमटेबल फिरत असतं. तिकडच्या वेळेवर पुण्यात रोजा खोलला तर तो सूर्य मावळायच्या आधीच खोलला जाईल. मुलाच्या मोबाईलमध्येही तुमच्या मोहल्ल्याच्या मशिदीचा छापील तक्ता फोटो काढून टाकून ठेवा.

चिपळूण_ते_हडपसर
हो सर, शबे बरातला मशिदीत तक्ते वाटतात, दोन घेते, एक फ्रिजवर आणि एक सासूबाईंच्या खोलीत. खाला, खिम्याची चपटी पाकिटं रविवारपासून सुरू करतेय, मुलालाच बसवणार भरायला.